पंखावरचा टाका

२०२२ साल. मला चौसष्टावं लागून दोन महिने झाले होते. आमच्या बोळातली माझ्या वयाची माणसं तेव्हा कट्ट्यावर बसून एकमेकांच्या गुडघ्यांची चौकशी करायची. मी मात्र तीस फुटांचा पंख खांद्यावर घेऊन उतारावरून पळायला शिकत होतो.

हे कसं सुरू झालं ते आधी सांगतो. हुबळीच्या कमरीपेठेत आमचं ताडपत्रीचं दुकान. ट्रकचे हूड, मंडपाची छतं, बाजारातल्या दुकानांचे पडदे, पावसाळ्याच्या तोंडावर ट्रॅक्टरच्या ताडपत्र्या. आजोबा मिरजेकडून आले ते ह्याच कामावर. वडिलांनी धंदा वाढवला. मी चौथी झालो आणि मशीनवर बसलो, तो अजून उठलेलो नाही. चार दुकानं सोडून पुढं धाकट्या भावाचं दुकान आहे. तो शाळेची दप्तरं आणि प्रवासाच्या बॅगा शिवतो. पंचवीसेक वर्षांपूर्वी त्यानं नागमोडी टाक्याचं मशीन आणायचं काढलं, तेव्हा मी म्हणालो, वडिलांच्या दुकानात सरळ टाका चालतो, नक्षी करायची तर वेगळं दुकान घे. त्यानं घेतलं. भांडण असं नव्हतं. सकाळचा चहा एकत्रच. मी त्याला सगळ्यांसमोर नक्षीवाला म्हणायचो आणि तो हसायचा.

तर एके दिवशी दुकानासमोर एक जीप थांबली. टपावर लांबच लांब गुंडाळी बांधलेली. खाली उतरले ते विद्यानगरच्या एका कॉलेजात मशीनचं शिकवून निवृत्त झालेले मास्तर. माझ्याहून दोन-तीन वर्षांनी लहान असतील. कानडी माणूस, बोलणं मऊ. गुंडाळी सोडली तर आत कापडाचा भलामोठा पंख. रविवारी ते आणि त्यांचे चार-पाच सोबती ह्या पंखाला लोंबकळून डोंगरावरून उडतात म्हणाले. इंजिन नाही, पेट्रोल नाही. वारा आणि माणसाचं वजन, बस्स. मागच्या रविवारी उतरताना पंख बाभळीत शिरला आणि हातभर फाटला. नेहमीच्या ठिकाणी पाठवला तर दोन महिने येत नाही, तोवर मोसम संपतो. इथं कुणी शिवेल काय म्हणून विचारत विचारत ते माझ्यापर्यंत आले होते.

मी कापड हातात घेतलं. असलं कापड आयुष्यात पाहिलं नव्हतं. पातळ, पण पत्र्यासारखं ताठ. दुमडलं की कडकड वाजायचं. तरी कापड ते कापडच. म्हटलं, ठेवून जावा, परवा या.

दोन दिवस दुसरं काम घेतलं नाही. फाटलेल्या कडा सरळ कापल्या, दोन्हीकडून दुमडल्या, नायलॉनचा दोरा मेणातून ओढला आणि शेजारीशेजारी दोन ओळी घातल्या. टाका असा दाट की मधे सुई शिरायला जागा नाही. ताडपत्रीवाल्याची अब्रू त्यातच असते. लहानपणी टाका विरळ पडला की वडील लाकडी पट्टीनं बोटांवर मारायचे.

मास्तर आले तेव्हा आमच्या दुकानाच्या रिवाजानं टाक्याची परीक्षा दिली. शिवलेला भाग चार बाजूंनी ताणून बांधायचा, मधे खोलगट करायचा, वर घागरभर पाणी ओतायचं आणि गिऱ्हाइकाला खाली तळहात धरायला सांगायचं. आजोबांपासून आमच्याकडून एकही माल ह्याशिवाय बाहेर गेलेला नाही. मास्तरांनी तळहात धरला. थेंब पडला नाही. मग ते वाकून त्या दोन ओळींकडं पुष्कळ वेळ बघत राहिले. बोट फिरवलं. मला वाटलं, जाणता माणूस आहे, कामाची कदर करतोय.

"वा, यजमानरे," ते म्हणाले, कानडीत मालकाला म्हणतात तसं. "पाण्याचा थेंब नाही की."

किती द्यायचे म्हणून विचारलं. मी म्हणालो, पैसे नकोत, मला उडायला शिकवा.

ते हसले. मी हसलो नाही, तेव्हा थांबले. वय विचारलं, वजन विचारलं, रक्तदाब विचारला. पळता येतं काय म्हणाले. मी चपला काढल्या आणि बोळाच्या टोकापर्यंत पळत जाऊन पळत आलो. न्हावी वस्तरा हातात धरून दारात येऊन उभा. मास्तरांनी मान हलवली. पंधरा दिवसांनी रविवारी या म्हणाले. मधल्या काळात मी भाचीच्या लग्नाला मिरजेला जाऊन चार दिवस राहून आलो.

पहिले दोन रविवार उडणं नाहीच. रायापूरच्या पुढं माळावर नुसता पंख जोडायचा आणि सोडायचा. अॅल्युमिनियमच्या नळ्या उघडायच्या, तारा ताणायच्या, कापडाच्या कप्प्यांतून बाकदार कांड्या सारायच्या, म्हणजे पंखाला पोट येतं. पंखाखाली नळ्यांचा एक त्रिकोण असतो, तोच हातात धरायचा. शिकणाऱ्याच्या त्रिकोणाला खाली दोन चाकं लावलेली, तोंडावर आपटलो तर घसरत जायला. अंगावर पट्ट्यांची झोळी चढवायची, तिला मागं पाठीशी एक जाड हूक. तो हूक पंखाच्या मधल्या पट्ट्यात अडकवला की माणूस पंखाचा झाला. हूक विसरला तर पंख जातो आणि माणूस खाली राहतो, किंवा त्याहून वाईट होतं. म्हणून दर वेळी निघण्याआधी दुसऱ्या कुणीतरी पंख धरायचा, आपण झोळीत पोटावर आडवं लोंबकळायचं आणि त्या दुसऱ्या माणसानं वाकून हूक, पट्टे, सगळं बघून मोठ्यानं सांगायचं. आपल्या पाठीमागचं आपल्याला दिसत नाही. दुसऱ्याच्या डोळ्यावर विश्वास ठेवावा लागतो.

हे काम पहिल्या दिवसापासून माझ्या भावानं धरलं. मी न बोलावता आला होता. म्हणाला, अण्णा, तू एकटा जाऊ नकोस ह्या वयात, मी डबा घेऊन येतो. मला बरं वाटलं. थोरला भाऊ काहीतरी करतोय म्हणून बघायला आला असं धरून चाललो. तो वाकायचा, हूक हलवून बघायचा आणि म्हणायचा, "सरी इदे, अण्णा." म्हणजे नीट आहे. कानडीत का म्हणायचा कोण जाणे. मास्तरांचं ऐकून असेल.

त्या पहिल्या रविवारीच मी पंखावर माझा टाका शोधला. दिसेना. त्यावर चार बोटं रुंद पांढरी चिकटपट्टी मारलेली, ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत. मास्तर म्हणाले, उन्हानं दोरा कुजतो, म्हणून वर पट्टी लावतो. उन्हानं दोरा कुजतो हे ताडपत्रीवाल्याला दुसऱ्यानं सांगायला नको. पटलं. उलट मला वाटलं, माझ्या टाक्याची किती काळजी घेतात ही माणसं. भाऊ दर रविवारी पंख उघडला की त्या पट्टीवरून अंगठा दाबत जायचा. त्याचंही मला कौतुक वाटायचं.

तिसऱ्या रविवारी धारवाडच्या पलीकडं एका लहान टेकडीवर नेलं. टेकडी म्हणजे उतार, दोन ताडाएवढी उंची. खाली ज्वारी काढलेलं रान. मास्तर सांगायचे, आधी चाला, मग पळा, मग आणखी पळा. पंखाची चोच वर जाऊ देऊ नका. नजर लांब, पायाकडं बघायचं नाही. पंखानं उचललं तरी पळत राहायचं, उडी मारायची नाही. हे ऐकायला सोपं. मी पाच पावलं पळालो, खांद्यावरचं वजन हलकं झालं आणि अंगानं उडी मारली. पंख म्हणाला, बरं, आता तू बस. मी ज्वारीच्या सडात पोटावर. हनुवटीला सड घुसला. भावानं येऊन चष्मा शोधून दिला.

दुसरी चूक त्याहून मोठी. उजवीकडं जायचं तर आपलं अंग उजवीकडं न्यायचं असतं. मी सायकलचं हँडल असल्यासारखी दांडी उजवीकडं ढकलायचो, त्यानं अंग डावीकडं जायचं आणि पंख त्याच्या मागं. तीन रविवार मी एकाच बोरीच्या झुडपात उतरत होतो. मास्तर म्हणाले, यजमानरे, बोरं पिकलीत काय बघायला जाता? सगळे हसले. मीही हसलो. त्या माणसांत मला कुणी म्हातारा म्हणून वेगळं बसवलं नाही असं तेव्हा वाटत होतं.

आठव्या का नवव्या रविवारी झालं. वारा समोरून, गालाला लागेल एवढाच. भाऊ म्हणाला सरी इदे. मी चालत निघालो, पळालो, खांद्यावरून वजन गेलं, झोळीच्या पट्ट्या मांड्यांत आवळल्या, आणि मी पळतच होतो तेव्हा लक्षात आलं की पायाखाली काही नाही. पाय हवेत चालत होते. आवाज फक्त तारांचा. रान खालून सरकत होतं. मी वर बघितलं. बघायचं नसतं, नजर समोर ठेवायची असते, पण मी पंखाकडं बघितलं. ती पांढरी पट्टी उन्हात चमकत होती आणि तिच्याखाली माझ्या दोन ओळी होत्या. माझं सगळं वजन त्या दोन ओळींनी धरलंय असं मला वाटलं. वडील असते तर, असं मनात आलं. मग दांड्या जोरात वर ढकलल्या, पंख थबकला आणि मी दोन्ही पायांवर उभा. सगळं मिळून माणूस एकदा नाव सांगेल इतकाच वेळ. पण उभा राहिलो.

त्या दिवसापासून मी बोलायला लागलो. मी बोलणारा माणूस आहे, ते लपवत नाही. न्हाव्याकडं दाढी करताना, चहाच्या टपरीवर, पिठाच्या गिरणीत. माझ्या टाक्यावर माणसं आकाशात जातात म्हणून सांगायचो. कॉलेजात शिकवलेला माणूस माझ्या टाक्याखाली लोंबकळतो, आणि मला सही करायला आज पण वेळ लागतो. भावाच्या घरी गेलो की भावजयीला मुद्दाम म्हणायचो, तुझ्या नवऱ्याच्या नक्षीवर कुणी उडेल काय? ती पदर तोंडाला लावून आत जायची. मला वाटायचं हसते.

भाऊ तिथंच बसलेला असायचा.

दोन मोसम असे गेले. बोरीचं झुडूप सुटलं, मी दोन्ही बाजूंना वळायला शिकलो, चाकं काढली. दुसऱ्या मोसमाच्या शेवटी मास्तर म्हणाले, ह्या रविवारी मोठा डोंगर. तो खरा कडा, तिथून उडालं की पाच-दहा मिनिटं पाय जमिनीला लागत नाहीत. माझ्यासाठी सगळं त्यातच होतं. मास्तरांकडं दुसराही एक पंख होता, नवा, मोठा. त्यावर जा म्हणाले. मी म्हणालो, नको, मी माझ्या टाक्याखालीच जाणार. दुसऱ्याच्या शिलाईवर मी जीव टाकत नाही. मास्तरांनी भावाकडं बघितलं. हेही मी पाहिलं होतं. त्याचा अर्थ लावला नव्हता इतकंच.

शनिवारी सकाळी मी विद्यानगरला मास्तरांच्या घरी गेलो. बोलावलं नव्हतं. माझ्या झोळीचा खांद्याचा पट्टा घासला होता, तो बदलून शिवून आणला होता, तो द्यायला गेलो. मास्तर आंघोळीला गेले होते. त्यांच्या बाईंनी सांगितलं, पंख गच्चीवर वाळत घातलाय, तिथंच ठेवा की. मी वर गेलो.

ऊन चढलं होतं. पंख उलगडून पडला होता आणि उन्हानं पट्टीचं एक टोक सुटून वर वळलं होतं. मी दाबायला खाली बसलो. अंगठ्याखाली जे लागलं ते माझं नव्हतं. पट्टी आणखी थोडी उचलली. मग सगळी उचलली.

नागमोडी टाका. रुंद, सैल, एकसारखा. माझ्या दोन ओळी तिथं नव्हत्या, त्या कापून काढून मधे नवं कापड घातलं होतं. जुन्या कापडाच्या कडेला माझ्या सुईची दहा-बारा भोकं तेवढी राहिली होती, ओळीनं, रिकामी.

शिवणारा कोण ते विचारावं लागलं नाही. ओळ संपली की तीन टाके मागं यायचं आणि एक आडवा मारायचा. ही सवय वडिलांनी दोघांनाच लावली. हुबळीत तिसऱ्या हाताला ती नाही.

मास्तर टॉवेल खांद्यावर टाकून वर आले. पट्टी माझ्या हातात बघून दारातच थांबले. मग जवळ येऊन बसले आणि खोटं बोलले नाहीत, एवढं त्यांचं कबूल करतो. म्हणाले, हे कापड विणून गच्च केलेलं असतं, त्यात दाट सुई मारली की ओळीनं भोकं पडतात, आणि ओढ लागली की पोस्टाच्या तिकिटासारखं ओळीवरून सुटतं. नागमोडी टाक्याची भोकं एका ओळीत येत नाहीत, म्हणून ते धरतं. तुम्ही पाणी ओतलं तेव्हाच मला दिसलं होतं. तुम्ही मिरजेला गेला होता, तेव्हा तुमच्या भावाकडं नागमोडीचं मशीन आहे म्हणून कळलं.

मी म्हणालो, "मग मला का नाही सांगितलं?"

"तुमचा मान राखायचा होता, यजमानरे."

"दोन वर्षं?"

मी त्या कापडाचा तुकडा उरला असेल तर द्या म्हणालो. त्यांनी खाली जाऊन हातभर दिला. पट्टा तिथंच ठेवला आणि बसनं परत आलो.

दुपारी दुकानाचं शटर अर्धं ओढून घेतलं. तो तुकडा मधे कापला आणि परत जोडला, दोन वर्षांपूर्वी जोडला होता तसाच. दुमड तीच, मेण तेच, टाका तितकाच दाट. हात घाईला आला नाही. एक टोक छताच्या कडीला बांधलं, दुसऱ्या टोकाला काठी गुंडाळून दोन्ही हातांनी धरली आणि पाय उचलले.

एक दोन श्वास धरलं. मला वाटलं, धरतंय. मग ओळीच्या ह्या टोकाला टक्क आवाज झाला आणि तो आवाज पळत त्या टोकाला गेला. मी फरशीवर बसलेला. वर कडीला अर्धा तुकडा आणि हातात अर्धा. दोरा कुठंच तुटला नव्हता. दोरा शाबूत, कापडच सुटलेलं, मास्तर म्हणाले तसंच.

त्या आवाजानं नव्हे, मास्तरांच्या फोननं भाऊ आला. शटरखालून वाकून आत आला. मला उठवायला हात पुढं केला. मी आपला आपण उठलो.

तो म्हणाला, लागलं काय. मी विचारलं, तू शिवलंस ना? होय म्हणाला. मी विचारलं, आपल्या दुकानात गिऱ्हाइकासमोर परीक्षा दिल्याशिवाय माल जातो काय? तू ह्याच दुकानात वाढलास. एक तुकडा शिवून माझ्यासमोर ओढून फाडायचा होता. अर्धा तास लागला असता.

"तू ऐकलं असतंस?" भाऊ म्हणाला. "अण्णा, तू त्याच दिवशी पंख मास्तरांच्या अंगावर टाकला असतास. पुढं टेकडी नाही, काही नाही. तुला उडायचं होतं. मी तुझ्या डोळ्यांत बघितलं होतं ते."

"म्हणून तू दर रविवारी डबा घेऊन यायचास."

"टाका बघायला यायचो. तू त्याखाली असायचास ना."

हे तो इतक्या साधेपणानं म्हणाला की मला आणखीच राग आला. तो चूक बोलत नव्हता. मी ऐकलं नसतं हेही खरं असेल. पण ते ठरवायची पाळी माझी होती. माझ्या नकाराची पाळीसुद्धा ह्यांनी घेऊन टाकली, आणि वर माझ्या तोंडून दोन वर्षं खोटं बोलवून घेतलं. न्हाव्याकडं, गिरणीत, ह्याच्याच घरात ह्याच्याच बायकोसमोर. हा शेजारी बसून ऐकत होता.

मी म्हणालो, "माझ्या पाठीमागं वाकून सरी इदे म्हणायचास. ते तरी खरं होतं काय?"

त्याचा चेहरा पडला. "अण्णा, असं बोलू नकोस."

"मला कसं कळायचं? मला पाठीमागचं दिसत नाही."

तो शटरकडं वळला. जाताना म्हणाला, उद्या पहाटे जीप येईल, मास्तर म्हणालेत नवा पंख घेऊ या. मी कडीवरचा तुकडा सोडवत होतो.

दुसऱ्या दिवशी जीप आली तेव्हा मी आंघोळ करून, धुतलेला सदरा घालून उंबऱ्यावर उभा होतो. मास्तरांनी दार उघडून धरलं. मागं भाऊ, मांडीवर डबा. मी मास्तरांना म्हणालो, वारा बरा आहे, तुम्ही जावा. भावाकडं बघितलं नाही. जीप थोडा वेळ तशीच घुरघुरत उभी राहिली आणि मग गेली.

मी फाटलेले दोन तुकडे घेऊन बोळात उतरलो. जिथं जिथं मी फुशारकी मारली होती तिथं तिथं जाऊन खरं काय ते आपल्या तोंडानं सांगायचं, एवढंच डोक्यात होतं. पहिल्यांदा टपरीवर गेलो. चहावाला दूध ओतत होता. मी तुकडे समोर ठेवले आणि म्हणालो, हा माझा टाका, फाटला बघ. पंखावर माझा टाका नव्हताच. त्यानं तुकड्यांकडं बघितलं नाही. पातेल्याकडं बघत साखर हलवत राहिला. "राहू दे की अण्णा," म्हणाला. "चहा घे."

तिथून न्हाव्याकडं गेलो. तो रविवारी लवकर उघडतो. त्याच्यासमोर एक गिऱ्हाईक तोंडाला साबण लावून बसलेलं. मी सांगायला सुरुवात केली आणि अर्ध्यावर मला दिसलं की आरशातून ते दोघं एकमेकांकडं बघतायत. आश्चर्य कुणाच्याच तोंडावर नाही. मी विचारलं, तुला ठाऊक होतं?

न्हाव्यानं वस्तरा खाली ठेवला. "तुमच्या भावाच्या दुकानात एवढा पंख मावत नव्हता, अण्णा. इथं रस्त्यावरच पसरला होता दोन दिवस. गाड्या वळवून लावल्या आम्ही. तुम्ही मिरजेला होता." मग म्हणाला, "सगळ्यांनी धरून शिवला."

सगळ्यांनी. म्हणजे मी सांगत होतो आणि सगळा बोळ ऐकून घेत होता. दोन वर्षं.

मी त्याच्या बाकावर बसलो. गिऱ्हाइकाच्या तोंडावरचा साबण वाळत चालला होता. परत घरी जावं, शटर ओढावं असं वाटलं. मग उठून गिरणीत गेलो.

गिरणीवाला पट्टा चढवत होता. मला बघून, हातातले तुकडे बघून त्याला कळलं असावं. तो हात पुसत म्हणाला, "जाऊ दे अण्णा, मला ठाऊक आहे सगळं."

"असेल ठाऊक," मी म्हणालो. "आता माझ्या तोंडून ऐक."

त्यानं मशीन बंद केलं. मी पहिल्यापासून सांगितलं. जीप आली तिथपासून, पाणी ओतलं, पट्टी सुटली, कडीला लोंबकळलो आणि पडलो, सगळं. टाका भावाचा होता आणि तो चांगला होता हेही सांगितलं. मी तुकडे उचलले आणि तिथून भावाच्या घरी गेलो. भाऊ डोंगरावर होता. भावजय दारात रांगोळी काढत होती. मी चपला काढल्या, उंबऱ्याबाहेरच बसलो आणि तिला पहिल्यापासून सांगायला लागलो.